व्हॉलीबॉलच्या उंच बाई

माझ्या उंचीने आजवर पुष्कळांना फसवलंय. शाळेत असताना दर वर्षी मला बघून खेळाच्या बाईंचे डोळे चमकायचे आणि पहिल्याच सामन्यात विझायचे. चेंडू समोरून आला की मी डोळे गच्च मिटून दोन्ही हात वर करायची, पकडलेल्या चोरासारखी. मैत्रिणी मला शिडी म्हणायच्या. शिडीचा निदान काही उपयोग तरी असतो.

पुढे मी गणित शिकवायला सरकारी हायस्कूलमध्ये लागले आणि वाटलं, सुटले. पण आमचे खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही. मुख्याध्यापिका स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"मुलींचा व्हॉलीबॉल तुमच्याकडे."

"मला खेळता येत नाही हो."

"विनय पुरे. बघितलं की कळतंच."

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याला हसता हसता ठसका लागला.

माझी लायकी मुलींनी पहिल्या दिवशीच ओळखली. त्या आपलं आपण खेळायच्या. मी कडेला उभी राहून "छान, छान" म्हणायची, बहुतेक वेळा चेंडू बाहेर गेल्यावर.

संघात एक लांबलचक मुलगी होती. जाळीपाशी उभी राहायची आणि चेंडू आला की डोळे मिटायची. बाकीच्या खेकसायच्या, "अगं, डोळे उघड की!" एकदा ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायला लागली. मी मागोमाग गेले.

"बाई, मला काढून टाका. मी नुसतीच उंच आहे."

"मीसुद्धा," मी म्हटलं. "अजून डोळे मिटते."

तिचा विश्वास बसेना. मग मी तिला मैदानावर घेऊन आले, स्वतः जाळीपाशी उभी राहिले आणि मुलींना म्हटलं, "मारा." पहिला चेंडू कपाळावर बसला, दुसरा हनुवटीवर. मुली पोट धरून हसल्या, तीही हसली. मग डोळे पुसून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तेव्हापासून आम्ही दोघी जोडीने मार खायला लागलो. कपाळावर टेंगूळ घेऊन मी वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायची आणि वर्ग फळा सोडून माझ्याकडे बघायचा.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत आम्ही सपाटून हरलो. पण सामना संपता संपता समोरच्या मुलीने असा काही फटका मारला की चेंडू आमच्या लंबूच्या हातांमधून थेट नाकावर. रक्त आलं. मी धावले, पाण्याच्या बादलीला अडखळले आणि ती अख्खी पंचांच्या बुटांवर उपडी केली.

ती नाकाला रुमाल लावून हसत होती. "बाई, दिसला! येताना पूर्ण दिसला!"

मी तिला घट्ट धरलं. पंच काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलंच नाही.

पुढच्या वर्षी तिने संघ सोडला. "घाबरून नाही हं, बाई. मला चित्रं काढायला जास्त आवडतं."

मीही सोडणार होते. मुख्याध्यापिकांना सांगायला निघालेच होते, तर मुलींनी वाटेत गाठून ओढत मैदानावर नेलं. त्या दिवशी चेंडू माझ्या हातांना लागून चक्क जाळीपलीकडे पडला. मुलींनी एकच कल्ला केला.

गुण कुणाला मिळाला, हे मला त्यांनाच विचारावं लागलं.