वांग्यांवरचं पीठ

आमच्या वांग्यांवर कुणीतरी पांढरी पावडर टाकतंय, हे एका रविवारी सकाळी माझ्या लक्षात आलं. कोण टाकतंय, तेही लगेच कळलं असं मला वाटलं.

परळहून नवघरला राहायला आल्यावर सोसायटीची परवानगी घेऊन मी गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी, ड्रममध्ये वांगी आणि भेंडी लावली होती. सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावरचे गुजराती भाई गप्प होते, कारण त्यांचं घर बरोबर त्या ड्रमांखाली. "भाभी, मेरी सीलिंग में लीकेज आया तो?" एवढंच त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं.

त्या रविवारी वांग्याच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरं काहीतरी चिकटलं होतं. ड्रमच्या बुडाशीही पांढरी भुकटी, आणि तिच्याभोवती मुंग्याच मुंग्या. मी पानं पुसून काढली. काही दिवसांत पुन्हा तेच. पानं चिकट झाली, शेंडे आक्रसायला लागले.

"विष आहे हे," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, विष असतं तर मुंग्या जिवंत राहिल्या असत्या का?"

"हळूहळू चढणारं असेल."

तयार झालेली वांगी तोडून मी कचऱ्यात टाकली आणि बाजारातून दुसरी आणली. ती चिरताना फार चिडचिड झाली. लिफ्टमध्ये भाई भेटले की मी हसायचे, पण बघायचे त्यांच्या बोटांकडे. त्यातच त्यांच्याकडे पाण्याचे मोठे जार यायला लागले. आम्ही सगळे टाकीचंच पाणी पितो, मग यांनाच जार कशाला? टाकीजवळ काय पडतंय ते यांना ठाऊक असणार!

एक दिवस मी नेहमीपेक्षा लवकर वर गेले. भाई माझ्या ड्रमपाशी वाकले होते. हातात स्टीलचा डबा.

"क्या डाल रहे हो, भाई?"

ते दचकले नाहीत. डबा पुढे केला. "आटा है. शक्कर मिलाई है. चींटियों के लिए. मेरी बा डालती थी, अब मैं डालता हूँ. आपके ड्रम की छाँव है, तो इधर."

मी चिमूटभर घेऊन वास घेतला. जिभेवर मात्र ठेवलं नाही.

"और ये?" मी पांढरा शेंडा त्यांच्यासमोर धरला.

ते एक पाऊल मागे सरले. "वो तो आपकी दवाई है ना? उसी के डर से तो मैं पानी का जार मँगाता हूँ."

मी नवऱ्याला फोन करून वर बोलावलं. त्याने शेंड्याचा फोटो काढून मोठा केला, तर त्या कापसासारख्या पांढऱ्या ठिपक्यांना पाय होते.

"पिठ्या ढेकूण," तो मोबाइलवर शोधून वाचायला लागला. "अंगातून गोड चिकटा सोडतात. तो मुंग्या खातात, म्हणून त्यांना सांभाळतात. या झाडावरून त्या झाडावर नेऊनही ठेवतात."

म्हणजे भाई पिठावर मुंग्या जमवत होते आणि मुंग्या माझ्या वांग्यांवर ढेकूण पोसत होत्या. नवऱ्याने त्यांना हे सगळं हिंदीत समजावलं. त्यातलं भाईंना एवढंच ऐकू आलं, की तो जीव आहे.

"मारना मत, भाभी."

"धोऊँगी बस," मी म्हटलं.

पीठ त्यांनी लिफ्टच्या खोलीमागे हलवलं. मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक शेंडा पुसला. बादलीतल्या ढेकणांचं काय होणार, ते मी सांगितलं नाही. पण मी बादली ओतेपर्यंत भाई गच्चीच्या दारात उभे होते. पुढे मी कडुनिंबाचं तेल फवारायला लागले, तेव्हा त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि टाकीचं झाकण स्वतः दाबून बघितलं. मीही रोज ड्रमामागे वाकून बघायचेच.

वांग्याचं एक झाड उपटावं लागलं, बाकीची हळूहळू सावरली. भेंडी भरपूर आली, तेव्हा मी पिशवीभर त्यांच्याकडे घेऊन गेले. भाईंनी दारातच पिशवी उघडून एकेक भेंडी उजेडात धरली.

"दवा?"

"नीम का तेल. वो भी पिछले हफ्ते."

ते अजून बघतच होते. आतून त्यांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी पिशवी भाईंच्या हातातून काढून घेतली. "लावो ने, धोई नाखीश," धुऊन टाकीन म्हणाल्या, आणि मला आत बोलावलं.