खोक्यातला कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा पाड्यावर वीज नव्हती. वीज आली तेव्हा उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. मधल्या चार वर्षांत दुसरं काही जमलं नाही, किस्से मात्र भरपूर जमले!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सुरगाण्याकडे मास्तर, घर नाशिक रोडला. मेव्हणा एकलहऱ्याला वीज केंद्रात. त्याला म्हटलं, "आमच्या पाड्यावर वीज कधी येणार रे?"

"दाजी, आम्ही फक्त बनवतो. वाटणारे वेगळे!"

*

मुख्याध्यापक बागूल सरांनी खोकं ऑफिसात ठेवलं, सील न फोडता. शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली, 'संगणक एक, चालू स्थितीत.'

"सर, चालू आहे हे कसं कळलं?"

"बंद पडलाय अशी कुणाची तक्रार आहे का?"

नव्हती.

*

मग सरांना ट्रेनिंगसाठी नाशिकला बोलावलं. तीन दिवसांनी परतले. आम्ही दोघं शिक्षक उत्सुक.

"चालू करायला शिकलो," सर म्हणाले.

"आणि बंद करायला?"

"त्याच्या आधीच लाइट गेली. आपोआप झाला!"

*

पाड्यावरचे भिवाबाबा एकदा खोकं बघायला आले. "काय काय येतं याला?"

मी सांगितलं, हिशेब येतो, पत्र लिहिता येतं, चित्रं काढता येतात.

बाबांनी मान हलवली. "एवढं सारं येतं, अन् खोक्यात बसलाय. आमचा नातू बी तसाच. बारावी झालाय, घरीच हाय."

*

सातवीतली यमुना. आईबाप दरवर्षी द्राक्षाच्या मळ्यांवर मजुरीला जायचे. यंदा तिलाही नेणार होते, म्हणजे शाळा संपलीच. तेवढ्यात नाशिकला कॉम्प्युटरवर टायपिंगची स्पर्धा निघाली. पहिल्या तिघांना शहरात वसतिगृहात राहून शिकायची सोय. पोरगी हुशार, मला ती संधी सोडवेना.

वीज नाही तर निदान कीबोर्ड काढू म्हटलं, पण बागूल सर सील फोडू देईनात. "खराब झाला तर जबाबदार कोण?"

शेवटी मी नाशिकला बघून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. ती त्यावर बोटं मारायची, मी शेजारी बसून चुका सांगायचो. दोन महिने हेच.

स्पर्धेच्या दिवशी मी हॉलच्या दारात उभा. बाकीची पोरं टकटक करायची, थांबायची, खोडायची. यमुना कधी उताऱ्याचा कागद, कधी बटणं, एवढंच पाहत होती. सगळ्यांच्या आधी उतारा संपवला आणि हात मांडीवर ठेवून खाली मान घालून बसली.

परीक्षक बाईंनी वाचलं. दोनच चुका! पहिल्या तिघांच्या यादीत यमुनाचं नाव लिहिलं. मला रडू आवरेना.

बाई कौतुकानं म्हणाल्या, "अगं, एकदासुद्धा वर स्क्रीनकडे बघितलं नाहीस!"

यमुनानं मान वर केली आणि बघतच राहिली.

"बाई, लिवलेलं तिथं दिसतं व्हय?"