मेंडोलिनच्या जादा तारा

माझा मावसभाऊ मुंबईत मूकपटाच्या पडद्याखाली बसून मेंडोलिन वाजवायचा. पडद्यावर घोडे उधळले की त्याची नखी धावे, नायिका रडली की तो तिच्या वतीने तारा थरथरवी. मग बोलपट आले आणि त्याचं काम गेलं. आगबोटीने तो रत्नागिरीस आमच्याकडे आला, वाद्य खुंटीला अडकवलं आणि तीन महिने त्याकडे पाहिलं नाही. खाऱ्या हवेने तारा गंजल्या. "कुठे कारकुनी मिळते का बघ," एवढंच म्हणे.

अशात एक नाटक कंपनी गावात उतरली. त्यांना मेंडोलिनवाला हवा होता. मी परस्पर मॅनेजरांना गाठलं. संध्याकाळी ऐकतो म्हणाले. भावाला सांगितलं, तर "बघू" म्हणाला आणि केस कापायला निघाला. म्हणजे मनात होतं. "तिथूनच कंपनीच्या बिऱ्हाडी येतो. तू वाद्य घेऊन ये."

मला मदतीची हुक्की आली. गंज पुसायला वाद्य काढलं, तर प्रत्येक तारेला खेटून हुबेहूब तशीच दुसरी. एक तुटली तर खोळंबा नको म्हणून जादा लावली असणार. जादा वस्तू अशी वाऱ्यावर ठेवायची? चार तारा सोडवल्या, खोबरेल चोपडलं, सुपारीच्या डबीत ठेवल्या.

"भावोजींना विचारलंत?" बायको म्हणाली.

"कळेलच त्याला."

कळलं ते मॅनेजरांसमोर. भावाने वाद्य पिशवीतून काढलं आणि बघतच राहिला. "दादा, बाकीच्या चार?"

मी ऐटीत डबी पुढे केली. "जपून ठेवल्यात."

"त्या जोडीनेच वाजतात रे." मग मॅनेजरांकडे वळून म्हणाला, "हे आमचे दादा. शाळेत गणित शिकवतात."

"बसवा," मॅनेजर म्हणाले. "आम्ही थांबतो."

तेलाने तारा बोटांतून सुटत होत्या. तो धोतराच्या सोग्याला पुसून एकेक चढवत होता आणि मी डबी धरून, जन्मात पुन्हा कुणाचं भलं करणार नाही असं ठरवत होतो. तो किल्ली पिळी, कान लावी, पुन्हा पिळी. दोन तारांचा एकच सूर झाला की पुढच्या जोडीला हात घाली. मॅनेजरांचा चहा निवला. शेवटची जोडी जुळली तेव्हा ते म्हणाले, "कधीपासून येता?"

"अजून वाजवलं कुठे?"

"कान कळला. आता वाजवा, आमच्या समाधानासाठी."

त्याने वाजवलं. तीन महिने आमच्या घरी जेवत होता तो माणूस हा नव्हेच.

कंपनीबरोबर निघताना त्याने तीच सुपारीची डबी माझ्या हातात ठेवली. आत एक तार होती.

"ही मात्र खरंच जादा आहे, दादा. सांभाळ."