पावाच्या गाडीतला दुसरा स्विच

मिस्त्रीच्या दुकानाला पाटी नाही. वर पत्रा, दोन बाजूंना भिंती, तिसरीकडे मेलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि चौथी बाजू रस्त्याला उघडी. ज्याला यायचं तो विचारत विचारत येतो. विचारत आलेलं गिऱ्हाईक टिकतं, पाटी वाचून आलेलं पुढची पाटी वाचतं, असं मिस्त्रीचं म्हणणं. इंजिनाला तो हात लावत नाही. चाक, ब्रेक, पत्रा, रंग यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचं राज्य तारांचं.

हे राज्य त्याला कुणी शिकवलं नाही. भंगारवाल्याच्या आवारात एक जळका ट्रक वर्षभर पडून होता. मिस्त्री तेव्हा तिथं वजनकाट्यावर कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो त्या ट्रकमध्ये जाऊन बसायचा आणि एकेक तार बोटांत धरून तिचा माग काढायचा. ही कुठून निघाली, कुठं गेली, वाटेत कुणाला भेटली. तारांचे रंग जळून गेलेले, म्हणून सगळ्या काळ्या. ज्यानं काळ्यातून काळी ओळखली त्याला पुढं रंगीत तारा म्हणजे पोरखेळ. वर्ष सरलं तेव्हा ट्रक कापायला नेला आणि मिस्त्रीनं वजनकाटा सोडला.

गेली दहा-बारा वर्षं त्याच्याकडं बटणाचं काम येतं. किल्ली फिरवून चालू होणाऱ्या गाडीला बटण बसवायचं. ब्रेकवर पाय, बटणावर बोट, गाडी चालू. लोकांना त्यात रुबाब वाटतो. मिस्त्रीला वाटत नाही. तो म्हणतो, बटण म्हणजे दारावरची घंटी, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाजवावी. म्हणून किल्लीच्या गाड्यांना बसवायचा तसा तो बटणाबरोबरही चोरस्विच बसवतो. सदऱ्याला जसा चोरखिसा, तसा गाडीला चोरस्विच. आणि एक नव्हे, दोन. पहिला बंद असला तर बटण कितीही दाबा, गाडी हूं की चूं करत नाही. दुसरा पेट्रोलच्या पंपाच्या तारेत. तो बंद असला तर गाडी चालू होते, नळीत उरलेल्या पेट्रोलवर गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि भर रस्त्यात मरते. पहिला चोराला दमवायला, दुसरा त्याला चारचौघांत उभा करायला.

नवी तार पकडली जाते ती तिच्या चिकटपट्टीमुळं. जुन्या तारांत नवी पट्टी म्हणजे म्हाताऱ्यांच्या पंगतीत नवरदेव, लांबून दिसतो. म्हणून मिस्त्री पट्टी गुंडाळली की त्याच गाडीच्या तळातली धूळ बोटावर घेऊन तिला चोळतो. दुसऱ्या गाडीची धूळ चालत नाही. सिमेंटवाल्याची धूळ राखाडी आणि खरखरीत, शाळेच्या गाडीतली खडूची, पावाच्या गाडीतली मैद्याची, बोटांना मऊ लागते. काम झालं की तो सगळ्यांना रस्त्यापलीकडं पाठवतो, मालकाला एकट्याला आत बसवतो आणि दोन्ही जागा दाखवतो. लिहून देत नाही. मालकाशिवाय कुणाला सांगत नाही. यात त्याची फुशारकी आहे आणि ती त्यानं तीस वर्षं पाळली आहे.

पाववाला त्याच्याकडं आला त्याला तीन वर्षं झाली. बेकरीतून पहाटे पाव उचलायचे आणि चाळीस दुकानांत उजाडायच्या आत पोचवायचे, हा त्याचा धंदा. गाडी एकच, घर तिच्यावर. चोराची भीती आहे का, असं मिस्त्रीनं विचारलं. पाववाला म्हणाला, चोराची नाही, मेव्हण्याची.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वाईट माणूस नव्हे. पण रिकामी गाडी दिसली की त्याच्या पायाला खाज सुटायची. मागच्याच महिन्यात त्यानं न विचारता भरलेली गाडी नेली, मित्राला वळणावरची गंमत दाखवायला, आणि गंमत ओढ्यात गेली. तीनशे पाव पाण्यावर तरंगले. दुपारपर्यंत त्या गावच्या कावळ्यांनी घरी स्वयंपाक केला नाही, असं लोक अजून सांगतात. पाववाल्यानं बायकोला बजावलं होतं की भावाला गाडी द्यायची नाही. तिनं मान डोलावली होती. पण धाकट्या भावानं हात पसरला की ती पदर झाडून देते, हे त्याला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं मिस्त्रीकडून शब्द घेतला. मेव्हण्याला तर नाहीच, घरातही सांगायचं नाही. मिस्त्रीनं शब्द दिला. त्याला नवल वाटलं नाही. अशा अटी त्यानं बापांकडून ऐकल्या होत्या, भागीदारांकडून ऐकल्या होत्या.

जागा कुठली, ते मी लिहीत नाही. ती गाडी अजून रस्त्यावर आहे.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग एका पहाटे अंघोळीला उठलेल्या पाववाल्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका तडाख्यात. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी त्याला घरी आणलं तेव्हा तो माणसं ओळखत होता, डाव्या हातानं पेला धरत होता, पण तोंडातून नुसता वारा यायचा.

बेकरीच्या मालकानं निरोप धाडला. इतके दिवस मी माझ्या माणसांवर भागवलं, सोमवारी पहाटे तुमची गाडी दारात आली तर फेरी तुमची, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल. माणुसकीनं बोलला. पण पाव शिळा होतो, तो माणुसकीसाठी थांबत नाही.

गाडी चालवणारं घरात दुसरं कोण? मेव्हणाच. तो शुक्रवारीच आला, दाढी करून, धुतलेल्या कपड्यांत. शिक्षा भोगायला आल्यासारखा उभा राहिला. खिशात चकती ठेवली की बटण जागं होतं, ती चकती त्याच्या ताईनं, पाववाल्याच्या बायकोनं, त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. काही नाही. बॅटरी बदलून पाहिली. काही नाही. चौकातला दुसरा मेकॅनिक आणला. त्यानं चार तास तारा उपसल्या, तेव्हा दार उघडलं की हॉर्न वाजायला लागला. सगळं वायरिंग सोलून काढावं लागेल, आठवडा धरा, असं सांगून तो गेला. जाताना म्हणाला, ज्यानं हे केलंय त्यालाच आणा, हे माणसाचं काम नव्हे, कोळ्याचं आहे.

बटण कुणी बसवलं होतं ते ताईला माहीत होतं. शनिवारी दुपारी मिस्त्री आला. आधी त्यानं हॉर्न गप्प केला. मग ताईनं त्याला सरळ विचारलं, गाडी का चालू होत नाही. त्यानं सांगितलं की गाडीत चोरस्विच आहे. कुठं आहे ते मी मालकाला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

चोरस्विच आहे, हेच तिला पहिल्यांदा कळत होतं. तीन वर्षं ती पहाटे नवऱ्याबरोबर गाडीपर्यंत जात होती, पावाच्या रिकाम्या पाट्या मोजून आत ठेवत होती.

“म्हणून रोज मला मागचं दार बघायला पाठवत होते,” ती म्हणाली. “लागलंय का नीट, बघून ये. रोज लागलेलंच असायचं.”

मेव्हण्यानं मान खाली घातली. स्विच कुणासाठी बसवला होता, ते त्याला न सांगता समजलं होतं.

मिस्त्री आत गेला. पाववाला खिडकीकडच्या खाटेवर होता, उशाला दोन उशा. मिस्त्री स्टुलावर बसला आणि तारेचा माग काढावा तसं एकेक विचारत गेला. सोमवारचं कळलंय ना? पाववाल्यानं डोळे मिटून उघडले. मेव्हण्याला जागा सांगू? डावी मूठ आवळली गेली. बरं, राहिलं. वहिनींना सांगू? मूठ तशीच राहिली. पाववाला भिंतीकडं बघत राहिला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिळा होता.

ताई दारातच उभी होती, मागं तिचा भाऊ. तिनं ते पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

“मिस्त्रीदादा, तुम्ही जा. ह्यांच्या मनात नसेल तर सांगू नका. फेरी गेली तर जाऊ दे, मी बेकरीत पाट्या धुवायला जाईन. पण या घरात चोर कोण, तेवढं ह्यांनी मला सांगावं.”

एकाला बोलता येत नव्हतं, एकाला बोलायला तोंड नव्हतं, आणि मिस्त्रीचा तो प्रश्नच नव्हता. तो उठला, पक्कड पिशवीत टाकली. तेवढ्यात पाववाल्यानं डाव्या हातानं खाटेची कड ठोकली. एकदा, मग पुन्हा. मग तो हात खिडकीबाहेर दाखवत राहिला, जिथं गाडी उभी होती.

त्याला उचलायला घरात एकच पाठ होती. मेव्हणा खाटेपाशी ओणवा झाला आणि म्हणाला, दाजी, यावेळी विचारून नेतोय. पाववाल्याचा अर्धा चेहरा हलला. तो हसला की रागावला, हे अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मेव्हण्यानं त्याला पाठीवर घेतलं, अंगण ओलांडलं आणि चालकाच्या जागी बसवलं, लुळा पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला. मग कुणी सांगायच्या आधीच तो रस्त्यापलीकडं गेला आणि पाठ करून उभा राहिला. मिस्त्रीही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं समोरच्या कुंपणावरचे वाळत घातलेले कपडे बघत राहिले.

ताई गाडीत नवऱ्याशेजारी बसली. आत काय झालं ते त्या नवरा-बायकोलाच माहीत. बराच वेळ झाला. मग इंजिन घरघरलं आणि लागलं. बंद झालं, पुन्हा लागलं. मिस्त्रीनं वळून पाहिलं तेव्हा पाववाल्याचा डावा हात बायकोच्या हातावर होता आणि ती खाली मान घालून बसली होती.

पाववाल्याला पुन्हा खाटेवर निजवलं. त्याला लगेच झोप लागली, खूप दिवसांनी. मेव्हणा म्हणाला, ताई, एक चक्कर मारून बघू, सोमवारी फजिती नको. ती शेजारी बसली. गाडी निघाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि मेली.

मिस्त्री अंगणातच थांबला होता. गाडी कुठं थांबणार हे त्याला ठाऊक होतं की काय, हे त्याला कुणी विचारलं नाही, पण ठाऊक होतं. इंजिन दोनदा लागलं होतं, पण पेट्रोलच्या पंपाची गुणगुण त्याला एकदाही ऐकू आली नव्हती. नवऱ्यानं एकच जागा दाखवली असेल तर असंच होणार होतं. आता ती दुसरी जागा का दाखवली नाही, याची दोन उत्तरं होती. वाऱ्यानं हात-पाय नेले तशी ती आठवणही नेली असेल. किंवा तेवढी एक जागा त्यानं राखून ठेवली असेल. तारेला हात लावला की ती जिवंत की मेलेली हे मिस्त्रीला कळतं. माणसाचं त्याला कळत नाही, असं तो स्वतःच म्हणतो.

ताई एकटीच चालत परत आली. मेव्हण्याला तिनं गाडीपाशी थांबवलं होतं. ती मिस्त्रीच्या समोर उभी राहिली. तिनं विचारलं नाही. नुसतं खिडकीकडं पाहिलं, आत नवरा झोपला होता, आणि मग मिस्त्रीकडं.

“आणखी एक आहे,” मिस्त्री म्हणाला.

“उठवू त्यांना?”

उठवलं तर प्रश्न विचारावा लागणार होता, आणि प्रश्नाला उत्तर मिळणार होतं. मग त्या घरात ते उत्तर उरलेला जन्म वागवावं लागलं असतं. न उठवलं तर तीस वर्षांचा नियम जाणार होता. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि चला म्हणाला. गल्लीच्या टोकाशी मेव्हणा आपण होऊन लांब सरकला. मिस्त्रीनं तिला दुसरी जागा दाखवली. एकदाच, फार न बोलता. निघताना बजावलं की मी तुम्हाला काही दाखवलेलं नाही.

सोमवारी पहाटे गाडी बेकरीच्या दारात होती. मालकानं घड्याळ पाहिलं आणि पाट्या पुढं सरकवल्या. मेव्हणा चालवत होता, ताई शेजारी. गाडी चालू करायच्या वेळी तो खाली उतरून उभा राहायचा, ती दोन्ही स्विच लावायची, मग तो चढायचा. चाळीस दुकानं म्हणजे चाळीस वेळा. दुकानदार हसायचे. काय हो, गाडीला नमस्कार करता का चाळीसदा? तो म्हणायचा, हो, पूर्वीचं पाप आहे. तीन महिन्यांनी ताई स्वतःच चालवायला शिकली. मेव्हण्यानंच शिकवलं, पुढं त्याला बेकरीतच भट्टीवर काम मिळालं. तिथं तो टिकला. भट्टी कुठं नेता येत नाही.

पाववाल्याला शब्द पुन्हा फुटले ते वर्षभरानं, तेही पाच-सहा. त्यातला ‘गाडी’ हा एक.

मधे एकदा ताई दिव्याचं काम घेऊन मिस्त्रीच्या दुकानी आली होती. मिस्त्री स्वतःहून घरगुती काही विचारत नाही, पण त्या दिवशी त्यानं विचारलं, मालकांना दुसऱ्या स्विचचं कळलं का. ती म्हणाली, त्या दिवशी उठल्यावर त्यांनी खुणेनं विचारलं होतं, गाडी चालली का.

“मी म्हटलं, तुम्ही दाखवलं तसंच केलं, कुठं न अडता चक्कर मारून आली. तर त्यांनी माझ्याकडं बघितलं बराच वेळ. मीही बघितलं.”

“मग?”

“मग मी त्यांना जेवायला वाढलं,” ती म्हणाली, आणि दिवा लागतोय का ते बघायला गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली.