खुराड्याचे खांब

खराडीतली शेतं टॉवरखाली गेली, बैलं गेली आणि शेवटी दत्तोबाही गेले. त्यांच्या हातचं म्हणावं असं त्यांच्या बायकोकडे, सोजरबाईकडे, एकच उरलं, बंगल्यामागचं कोंबड्यांचं खुराडं. बंगला काय, ठेकेदाराने बांधला होता. खुराड्याचे बाभळीचे खांब मात्र दत्तोबांनी स्वतः तासले होते.

उघड्यावरचं लाकूड नुसतं उभं ठेवून टिकत नाही. दर वैशाखात, खांब कडकडीत वाळले की दत्तोबा त्यांना बाहेरून गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडायचे. आतून नुसता चुना, कारण कोंबड्या चोच मारतात. त्या ऑइलच्या वासाला सोजरबाई नाक मुरडायची.

त्यांच्यामागे आलेला वैशाख तसाच गेला. भाद्रपदात वर्षश्राद्ध आलं. चार पाव्हणे येणार, त्यांच्यापुढे मालकांचं काम कळकट दिसू नये, म्हणून पाऊस जरा उघडल्याबरोबर तिने रंगारी बोलावला आणि खांबांना हिरव्या ऑइलपेंटचे दोन-दोन हात मारून घेतले. पाव्हण्यांनी खुराडं वाखाणलं. बाईचा ऊर भरून आला.

पुढच्या पावसाळ्यात खुराडं कललं.

"आई, लोखंडी पाइप टाकू, कटकट मिटेल," मुलगा सर्जेराव म्हणाला.

"म्या जित्ती असंस्तवर ह्यांच्या लाकडाला हात लावायचा न्हाय," असं म्हणून तिने मन्सूर सुताराला बोलावणं धाडलं.

मन्सूरने पुढच्या खांबाला पटाशी लावली. रंगाचा पापुद्रा सुटला आणि पटाशी मुठीपर्यंत आत गेली. आत भिजल्या भाकरीसारखा लगदा होता. एकेक करत त्याने पुढचे सगळे खांब पाहिले.

"ओल्या लाकडावर रंग दिला, मावशी. पाणी आतच कोंडलं. काही दिलं नसतं तरी बरं होतं."

खोटं बोलून धीर देणाऱ्यांतला मन्सूर नव्हता. सोजरबाईने खाली बसून तो लगदा बोटांत धरून पाहिला. दत्तोबा गेले तेव्हा दैवाला बोल लावता आला होता. इथे ती सोय नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि दत्तोबा आत्ता हवे होते असं फार वाटलं, निदान ओरडायला तरी.

मन्सूर मागे भिंतीकडे गेला. तिथले खांब पटाशीला दाद देईनात. त्या अडचणीच्या जागेत रंगाऱ्याने अंग चोरलं होतं, ब्रश लावलाच नव्हता. त्याबद्दल बाईने त्याला पाव्हण्यांदेखत झापलंही होतं.

"हे दणकट आहेत," मन्सूर म्हणाला. "पण पुढच्या बाजूला आता पाइपच लागतील."

सोजरबाई उठली. तिने पदराने तोंड पुसलं.

"आण बाबा तुझं पाइप," ती सर्जेरावाला म्हणाली. "पुढचे काढून टाक, ते म्या मारले. मागचे ह्यांचे हायेत, ते ऱ्हाऊ दे."