खालूंची हलकी बंदूक

खालू कुणालाही भेटले की आधी नजरेने त्याचं वजन करत, मग चेहरा बघत. मी बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी खोका तळहातावर तोलला आणि म्हणाले, "अर्धा किलो सांगून कमी दिलेत गो तुला. मार्क बरे पडलेत वाटतं." पेढा त्यांनी त्यानंतर खाल्ला.

खालू म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे, खालाचे नवरे. त्यांचं सगळं कमावतं वय मस्कतला एका गोदामात गेलं. दर सुट्टीला येताना-जाताना विमानात किती किलो नेता येतील, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न होता. त्यासाठी त्यांच्याकडे हुक असलेला एक लोंबता काटा होता, बॅग अडकवून उचलायचा. कायमचे रोह्याला परतले, तिथेच वरसे गावात घर बांधलं, तरी काटा शर्टाच्या खिशात राहिला. खाला बाजारातून आली की पिशवी आधी काट्याला लटकायची. "भाजीवाल्याला माझी भीती नाय, तुमच्या काट्याची हाय," असं ती म्हणायची. ते कौतुक नव्हतं.

मस्कतला जाताना मात्र बॅगेत पहिली वस्तू ठरलेली असे, वरच्या शेतातले कडवे वाल. ते भरून उरलेल्या किलोंमध्ये कपडे वगैरे. वरचं शेत म्हणजे गावामागच्या डोंगराच्या उतारावरचा वडिलोपार्जित तुकडा. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पडायचा. थंडीत पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंगा आमच्या अख्ख्या खानदानात त्याच शेतातून जायच्या. आणि त्याच शेतात 'तो' यायचा. रानडुकराचं नाव खालू तोंडाने घेत नसत. 'काल तो येऊन गेला', 'त्याने पूर्वेचा बांध उकरला'. ऐकणाऱ्याला वाटे, एखाद्या भाऊबंदाबद्दल बोलणं चाललंय.

त्याच्यासाठी घरात बंदूक होती. खालूंच्या वडिलांना शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळाला होता, तो पुढे खालूंच्या नावावर झाला. जुनी दुनळी बंदूक, पितळी बकलांचा जाड चामडी पट्टा, काडतुसांचा वेगळा कमरपट्टा. ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. खालू ती घेऊन संध्याकाळी वर जात, अंधार पडता पडता खाली येत, आणि वाल शाबूत राहत असे.

मग त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, "डोंगर चढणं जपून. खांद्यावर वजन नको." या दोन वाक्यांतलं पहिलं खालाने ऐकलं आणि दुसरं खालूंनी. साजिदने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कतारमधल्या दोह्याहून फोनवर निकाल दिला की आता वरचं शेत विकून टाकू, फार्महाऊसवाले मागतच आहेत. राखण नसेल तर वाल त्याच्या पोटात जाणार, मग शेत ठेवायचं कशाला? मुद्दा बिनतोड होता. खालूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरचा वांधा वजनाशी हाय, शेताशी नाय. हलकी बंदूक घेतो."

इथे माझी नेमणूक झाली. मी घरातली इंग्लिश मीडियमची, आणि हलक्या बंदुकीबद्दलचं सगळं ज्ञान इंटरनेटवर इंग्रजीत होतं. रोज दुपारी मी मोबाईलवर वाचायची आणि खालूंना मराठीत सांगायची. परदेशातली माणसं बर्फाच्या डोंगरांत दिवसेंदिवस पायी फिरत होती. नळी आखूड करत होती, लाकडाचा दस्ता काढून कार्बनचा बसवत होती, दुर्बीण छोटी घेत होती. एकाने तर वजन वाचवायला टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाला आमच्या दारात आली. तिच्या हातात खालूंचा अर्धा ब्रश होता. "ह्या पोरीला काय वाचायला देता?" तिने पप्पांना विचारलं. खालू रात्री घरीच झोपत असत आणि ब्रश डोंगरावर जाणार नव्हता, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण तेव्हा मी कुणालाच फारसं काही सांगत नसे.

खालूंना हे माहीत होतं. मुंबईच्या बंदुकीच्या दुकानात फोन करायचं काम त्यांनी मुद्दाम माझ्यावर टाकलं. रिंग वाजायला लागताच मी फोन त्यांच्याकडे सरकवला. ते शेजारी बसून चहा बशीत ओतत म्हणाले, "बोल गो पोरी. बंदुकीला लायसन लागतं, शब्दाला नाय लागत." मी बोलले. पलीकडच्या माणसाला दोनदा 'जरा मोठ्याने' म्हणावं लागलं.

एका शनिवारी आम्ही गेलो. मी कार्बनचे दस्ते, टायटॅनियमचे भाग, सगळं कागदावर उतरवून नेलं होतं. दुकानदाराने कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि टेबलावर दोन बंदुका ठेवल्या. "परवान्याच्या हिशेबात ह्या दोन आहेत."

खालूंनी खिशातून काटा काढला. पहिली रायफल त्यांनी हुकाला लटकवली. दुकानदाराने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असणार, पण रायफलीला बॅगेसारखं उचलणारं हे पहिलंच असावं. काटा थांबला. नवी रायफल वडिलांच्या दुनळीपेक्षा जड होती. दुसरी लटकवली, ती खरंच हलकी निघाली.

"हिच्याने डुक्कर पडेल का?" मी विचारलं.

"पडेल ना," दुकानदार म्हणाला. "फक्त त्याला सांगा, हळू ये, जवळ ये, आणि थोडं लहान होऊन ये."

मला वाटलं खालू खचतील. एवढी तयारी, एवढं वाचन. ते दुकानाच्या पायरीवर आले आणि अभिमानाने म्हणाले, "बघितलंस? आमच्या बापाने तेव्हाच हलकी घेतली होती."

परतताना पेणला पोह्यांचे पापड घेतले, त्यांना वजन नसतं म्हणून. पुढे वडखळला त्यांनी गाडी एका गॅरेजसमोर थांबवली. आत मोडीत निघालेली एक जीप होती. तिचा सीटबेल्ट त्यांनी हाताने ताणून बघितला, काट्याला लावला आणि कापून मागितला. मिस्त्रीने विचारलं, "कुठल्या गाडीला लावायचा?" खालू म्हणाले, "गाडीला नाय. बापाच्या बंदुकीला."

अशी ती बंदूक सजली. चामडी पट्टा गेला, सीटबेल्टचा आला. कमरपट्टा गेला, दोन काडतुसं खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत बसली. खालूंनी स्वतःच्या खिशातल्या किल्ल्या, पाकीट, सगळं काढून ठेवलं. शेवटी काट्याने मान्य केलं. आणि मग, त्यांच्या अपेक्षेप्रमाणे, चहाचा थर्मास, घडीचं स्टूल, उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि खालाने दिलेली शाल या गोष्टी माझ्या पाठीवर आल्या. "तू माझी हॅण्डबॅग," ते म्हणाले. "हॅण्डबॅग मोजत नायत."

वाल फुलावर आला आणि निवडणूक लागली. आचारसंहिता, सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा. खालू बंदूक घेऊन गेले. मी सोबत होते. हवालदाराने हात पुढे केला तेव्हा त्यांनी आधी सीटबेल्ट सोडवून घेतला. "पट्टा परवान्यावर नाय, साहेब." हवालदाराने परवाना उलटासुलटा बघितला. पट्टा खरंच नव्हता.

घरी आल्यावर खाला म्हणाली, "झालं. आता तरी बसा."

"त्याला काय ठावं बंदूक ठाण्यात हाय?" खालू म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज वर गेलो. बंदुकीच्या जागी थर्मास पट्ट्याला बांधलेला, खालूंच्या खांद्याला. ते बांधावर स्टूल मांडत आणि मस्कतच्या गोष्टी सांगत, आवाज असा की समोरचा डोंगरही ऐकावा. मधे खोकत. एका संध्याकाळी कारवीच्या झुडपांत खसखस झाली आणि तो दिसला, काळा, रुंद, मागे पिल्लं. खालूंनी डोळे बारीक करून त्याला तोललं. "बापरे," ते त्यालाच म्हणाले, "एवढ्या एक्स्ट्रा बॅगेजचं काय भरशील?" आणि मोठ्याने खोकले. तो वळला, पिल्लं वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं वाल दुनळीने राखला नव्हता, खालूंच्या बडबडीने राखला होता. त्यांच्या हे लक्षात होतं की नाही, मी विचारलं नाही. त्या वर्षी पोपटीला शेंगा सगळ्यांना पुरल्या.

बंदूक परत आली, सीटबेल्ट पुन्हा तिला लागला. पावसाळ्यात एका दुपारी खालू झोपले ते उठलेच नाहीत. साजिद आला, माती देऊन आठवड्याने परत गेला. परवाना स्वतःच्या नावावर करायला त्याने अर्ज केला नाही, आणि शेताचं थंडीत बघू म्हणाला. खाला इद्दतीला बसली, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पडद्यात राहायचं.

बंदूक न्यायला हवालदार खालाच्या घरी आले तेव्हा पप्पा कंपनीत पहिल्या शिफ्टला होते आणि खाला आतल्या खोलीत पडद्यामागे. बाहेर मी एकटी. त्यांनी नंबर ताडून बघितला, सही घेतली आणि बंदूक पट्ट्याने खांद्याला लावली.

"पट्टा परवान्यावर नाही," मी म्हणाले.

हवालदार थांबले. "काय म्हणालात?"

कुणी 'जरा मोठ्याने' म्हणायच्या आधीच मी मोठ्याने म्हणाले, "पट्टा परवान्यावर नाही, साहेब. तो सोडून द्या." हवालदारांनी बंदूक खांद्यावरून उतरवली आणि पट्टा सोडवून माझ्या हातात दिला.

भात निघालं तेव्हा साजिदचा फोन आला. यंदा वर कोण चढणार, गिऱ्हाईक तयार आहे. खालाची इद्दत संपली होती. ज्या बाईने खालूंना कायम 'आता तरी बसा' म्हटलं, ती फोनवर म्हणाली, "पोरगी चढते. वाल टाकलाय."

तर मी चढते. थर्मास सीटबेल्टला, सीटबेल्ट खांद्याला. अडचण एकच आहे, मला खालूंसारखं बोलता येत नाही. मस्कत मी पाहिलेलं नाही, आणि एकटीने मोठ्याने काय बोलायचं? पहिल्या संध्याकाळी मी बांधावर स्टूल मांडलं आणि चहा ओतला. मग कारवीत खसखस झाली. मी मोबाईल काढला आणि पहिलं सापडलं ते पान खणखणीत इंग्रजीत वाचायला लागले. डोंगरात नेण्यासाठी हलकी रायफल कशी निवडावी, नळी किती आखूड, दस्ता कशाचा, पट्टा कसा असावा.

पट्ट्यापर्यंत पोचले तेव्हा कारवी शांत झाली होती.