खोट्या दवाखान्यात बाबांचा डोळा

ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, तिथलेच कॉम्प्युटर माझी नणंद सांभाळते. घरी एकत्र, कामावरही एकत्र, त्यामुळे भांडायला आम्हाला जागा कधी कमी पडली नाही. घरात सगळे तिला ‘खातरी’ म्हणतात. वाफ डोळ्यांनी दिसत असतानाही ही पातेल्याला बोट लावून बघणार, चटका बसला की मगच म्हणणार, “हं, तापलंय खरं.”

दवाखान्याचा सगळा कारभार एका मोठ्या मशीनवर चालतो. त्याच्या पोटात तीन-चार सर्व्हर राहतात, एका घरात वेगवेगळे भाडेकरू राहावेत तसे. एकाकडे नोंदणी, एकाकडे बिलं, एकाकडे डोळ्यांचे फोटो. या सगळ्याचा रोज बॅकअप निघतो आणि सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण येते. डॉक्टरबाईंना ती खूण पुरायची, खातरीला नाही. “नक्कल निघाली हे कळलं. ती उघडते का, ते कुठे कळलं?” म्हणून जिन्याखालच्या आपल्या खोलीत ती एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये अख्खं मोठं मशीन खोटं-खोटं उभं करते आणि त्या खोट्या मशीनच्या पोटात सगळे भाडेकरू बॅकअपमधून आणून बसवते. खऱ्यात खोटं, त्या खोट्यात आणखी खोटं. सगळं गोगलगायीच्या चालीने चालतं, पण चाललं तर बॅकअप चांगला.

त्या भाडेकरूंना मात्र आपण नकली आहोत हे ठाऊक नसतं. एकदा ही बाई नेटवर्कची वायर काढायला विसरली. नकली नोंदणी-सर्व्हर जागा झाला आणि त्याने इमानेइतबारे जुने निरोप धाडले, ‘उद्या आपले ऑपरेशन आहे, उपाशीपोटी यावे.’ ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं त्यांनासुद्धा! दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावलेले एक आजोबा माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “पुन्हा कापणार का हो?” फोन उचलून उचलून माझा कान तापला. लोकांची बोलणी मी खाल्ली आणि घरी जाऊन व्याजासकट नणंदेला ऐकवली. डॉक्टरबाईंनी फर्मान काढलं, “हे खेळ बंद!”

त्यानंतर नवं मशीन यायचं ठरलं. त्यात बॅकअपमधून सगळं भरायचं आणि जुनं कंपनीची माणसं घेऊन जाणार. खातरी माझ्या मागे लागली, कारण सासरेबुवांचे फोटोही त्यातच होते. त्यांना काचबिंदू. एका डोळ्याची नजर आधीच गेलेली, सगळी भिस्त उरलेल्या एकावर. त्याची नस किती झिजली ते जुने फोटो नव्याशेजारी ठेवूनच कळतं, आणि थेंबांवर भागेल की ऑपरेशन करावं लागेल हे त्यावरून ठरणार होतं.

“वहिनी, तू बोल ना बाईंशी. एकदाच तपासू दे.”

“मी? मागच्या वेळचा कान अजून दुखतोय माझा.”

“बाबांचे फोटो आहेत गं त्यात.”

मग काय, मी डॉक्टरबाईंकडे गेले. “करू दे तिला. वायर मी ठेवते,” म्हटलं. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. मी स्वतः जिन्याखाली जाऊन वायर उपसली, पर्समध्ये कोंबली. दिवसभर तिचं निळं शेपूट पर्सबाहेर लोंबत होतं.

दुपारी खातरीने मला हाक मारली. खोटा दवाखाना उभा राहिला होता. पेशंटची नावं आली, तारखा आल्या. “आता बाबांचं उघड,” मी म्हटलं. वय आलं, औषध आलं. फोटोंच्या जागी नुसत्या राखाडी चौकटी. दुसरा पेशंट उघडला, तिसरा उघडला. तेच.

मग तिला आठवलं. जागा पुरेना म्हणून मध्यंतरी तिनेच नवी डिस्क बसवून सगळे फोटो तिच्यावर हलवले होते, आणि या डिस्कचाही बॅकअप घे, हे त्या यंत्रणेला सांगायचं राहून गेलं होतं. हिरवी खूण तिला सांगितलेल्या कामापुरती खरीच होती. माझ्याकडे सुनावायला एक अख्खं भाषण तयार होतं, ते मी गिळलं.

“जुनं मशीन अजून चालू आहे ना? मग बघत काय बसलीस? घे ना बॅकअप!”

चूक तिने स्वतःच डॉक्टरबाईंना जाऊन सांगितली. बाई फोन उचलून कंपनीला म्हणाल्या, “आम्ही कळवल्याशिवाय मशीन न्यायला येऊ नका.”

डिस्कसकट बॅकअप झाला आणि खोटा दवाखाना पुन्हा उभा राहिला. या वेळी डॉक्टरबाईही जिन्याखाली आल्या आणि वाकता वाकता त्यांनी जिन्याला कपाळ आपटून घेतलं. फोटो वरून हळूहळू उतरायला लागला. नारिंगी गोल, त्यात रेषा, मग फिकट ठिपका. बाबांचा डोळा! “आला!” मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट नंबर आला समजून उठून उभे राहिले.

नवं मशीन बसलं, जुनं गेलं, आणि बाबांच्या तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी जुना फोटो नव्याशेजारी लावला. बराच वेळ बघितला.

“नस होती तशीच आहे. ऑपरेशन नको. थेंब चालू ठेवा.”

“म्हणजे पेपर वाचता येईल?” बाबांनी विचारलं.

“खुशाल वाचा.”

माझा जीव भांड्यात पडला. सांगायला बाहेर आले, तर खातरी पेशंटच्या बाकावर बसलेली. मी सांगितलं, तशी ती हमसून रडायलाच लागली.

“वहिनी, त्या चौकटी रिकाम्या दिसल्या ना, तेव्हापासून वाटत होतं, बाबांचा डोळा माझ्याच हातून जाणार.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बाबा भिंतीला धरून बाहेर आले. तपासणीच्या औषधाने बाहुली मोठी झालेली, त्यांना सगळं धूसर दिसत होतं.

“कोण रडतंय? अगं, काय झालं?”

“काही नाही झालं, बाबा,” ती म्हणाली. डोळे पुसले, त्यांचा हात घट्ट धरला, आणि पुन्हा म्हणाली, “काहीच नाही झालं.”